डॉक्टरांची फटफटी

"जीभ दाखवा."

आमच्या डॉक्टरांकडे कुणीही आलं की पहिला हुकूम हाच. ताप असो, खरूज असो, नाहीतर पायात बाभळीचा काटा मोडलेला असो. पेशंट कळवळून पाय पुढे करतोय आणि डॉक्टर त्याच्या तोंडापुढे टॉर्च धरून बसलेत! एकदा एक बाई नवऱ्याला घेऊन आली. त्याचा खांदा निखळला होता. ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "सिस्टर, सांगा ना त्यांना, ह्यांची जीभ चांगली सहा घरं ऐकू जाईल अशी आहे. हात बघा म्हणावं." मी जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "हात बघणारच आहे मी. तो कुठे पळून जातोय?" आणि जीभ बघितलीच त्यांनी.

मी तेव्हा नर्सचा कोर्स संपवून नुकतीच डहाणूच्या सरकारी दवाखान्यात लागले होते. महाराष्ट्र राज्य नवंनवं झालेलं, पालघर जिल्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता, आमचा सगळा कारभार ठाण्याहून चालायचा. आई म्हणत होती, एवढ्या लांब कशाला मरायला जातेस. पहिल्या दिवशी डॉक्टरांना बघितलं आणि मलाही तसंच वाटलं. पन्नाशीचा काटकुळा माणूस. खाकी अर्धी चड्डी, वर सगळी बटणं लावलेला पांढरा कोट, आणि भर वैशाखातसुद्धा डोक्याला लोकरीची कानटोपी. माझी ओळख करून दिली तेव्हा मान वर न करता त्यांनी विचारलं, "सिस्टरबाई, फटफटीवर बसता येतं का?"

मी म्हटलं, "कधी बसले नाही."

"मग येत असणार. न येण्यासारखं त्यात काही नाही."

झाली माझी मुलाखत.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे एका वेळी एकच औषध. त्या काळी लोकांना लाल मिक्श्चर, पांढरी गोळी आणि दंडात सुई एवढं सगळं मिळाल्याशिवाय दवाखान्यात गेल्यासारखं वाटत नसे. डहाणू रोड स्टेशनचे एक बडे बाबू होते, त्यांना पोटाचा त्रास. ते दर आठवड्याला भांडायला यायचे, "डॉक्टर, एका पुडीनं काय होतंय? जोडीला काहीतरी द्या." डॉक्टर म्हणायचे, "जोडीला दिलं आणि तुम्हाला बरं वाटलं, तर शाबासकी कुणाला देऊ? ह्या पुडीला की त्या पुडीला?" बाबू म्हणाले, "मला द्या शाबासकी, मी दोन्ही गिळल्या म्हणून." पण दुसरी पुडी काही मिळाली नाही त्यांना.

जेवणातही तेच. आधी कोरडा भात खायचे, मग वाटी तोंडाला लावून आमटी प्यायचे, मग मासळी. कालवून म्हणून खायचे नाहीत. का, तर सोसलं नाही तर कशानं ते कळायला हवं. मी एकदा रागानं म्हटलं, "डॉक्टर, चहासुद्धा आधी पाणी, मग पत्ती, मग दूध असा प्या की." त्यांनी थोडा वेळ खरोखर विचार केला हो! मला हसावं की रडावं कळेना.

पण ह्या सगळ्यातला मुख्य पेशंट वेगळाच होता. त्याला दोन चाकं होती.

फटफटी घ्यावी लागली ती तळासरीमुळे. तळासरीला आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, आमचा दवाखाना भरायचा. दवाखाना कसला, एक कौलारू खोली, एक टेबल, एक स्टूल आणि बाहेर वडाची सावली. आसपासच्या पाड्यांवरचे वारली लोक पहाटे निघून बाजाराला यायचे, मीठमिरची, सुकी मासळी घ्यायचे आणि त्याच खेपेत आपलं दुखणं दाखवायचे. उन्हं चढली की बाजार उठायचा, आणि बाजार उठला की माणसं घरच्या वाटेला लागायची. मुद्दाम दवाखान्यासाठी दिवस मोडायची कुणाची ऐपत? आणि एस.टी.नं जावं तर चारोटीला गाडी बदलून आम्ही पोचणार दुपारी. तेव्हा सकाळी तिथं पोचणं हीच अर्धी ट्रीटमेंट होती.

म्हणून डॉक्टरांनी ती फटफटी पदरमोड करून घेतली होती. लष्कराच्या लिलावातली, इंग्रजी बनावटीची, लढाईत कुठे कुठे धूळ खाऊन आलेली. मागच्या सीटवर पांढरी साडी सावरत मी एका बाजूला पाय सोडून बसायची, मांडीवर औषधांची पेटी. अहो, डहाणूत महिनाभर दुसरा विषय नव्हता! वाटेवरच्या गावांत तर बायका भाकरी टाकायची सोडून दारात येऊन उभ्या राहायच्या. मी डॉक्टरांना म्हटलं, "लोक बघतात हो." ते म्हणाले, "बघू देत. ते गाडीकडे बघतात, तुम्ही उगाच मनावर घेता."

डॉक्टर सरकारी क्वार्टरमध्ये राहत नसत. डहाणूच्या किनाऱ्याला मच्छीमारांच्या वस्तीत एका म्हाताऱ्या तांडेलाकडे त्यांनी खोली घेतली होती. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. ह्या तांडेलाचा डॉक्टरांवर फार जीव. जाळ्याला लागलेला चांगला सरंगा आधी डॉक्टरांकडे जायचा, मग बाजारात. पावसाळ्यात होड्या वर ओढून झापांच्या मांडवाखाली ठेवत, तिथंच होडीच्या बाजूला तो फटफटीही उभी करायचा आणि दोघींची सारखीच निगा राखायचा. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून वरून राळ आणि तेल लावायचं, म्हणजे होडीत पाणी शिरत नाही. तो ते काम करत असताना मी त्याला एकदा म्हटलं, "तांडेलकाका, आता पुरे की, केवढं बारीक बघता." तो म्हणाला, "पोरी, भोक दिसलं का मला झोप येत नाय."

त्या पावसाळ्यात एकदा पेट्रोलमध्ये पाणी गेलं आणि डॉक्टर दिवसभर कुरकुरत होते. ती कुरकुर तांडेलानं ऐकली होती, हे आम्हाला पुढे कळलं.

पाऊस सरला आणि पेशंटनं आजार काढला.

डहाणूपासून चारोटीपर्यंत खड्ड्यांचा रस्ता. तिथं फटफटी रमतगमत, कसलीही तक्रार न करता जायची. चारोटीला अहमदाबादचा हमरस्ता लागायचा. सरळ, सपाट, गुळगुळीत. तिथं डॉक्टर कानटोपी खाली ओढून वेग वाढवायचे, कारण बाजार गाठायचा असायचा. काही मैल कसं झकास चालायचं. आणि मग मागून कुणी पदर धरून ओढावं तसं व्हायचं. डॉक्टर मूठ पिळतायत, गाडी आणखीनच मरगळतेय. दोनचार उचक्या, की बसली. आजूबाजूला गवत, लांबवर ताडाची झाडं आणि मध्ये आम्ही दोघं.

पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं डॉक्टर चिडतील. छे! उतरले, कोटाची बटणं नीट केली आणि माझीच तपासणी करायला लागले.

"श्रम केल्यावर त्रास होतो?"

"कुणाला? मला?"

"पेशंटला हो. हळू चालताना नाही, धावताना होतो. थांबल्यावर बरं वाटतं. हे लक्षात ठेवा सिस्टरबाई."

मग त्यांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं, टॉर्च लावून आत बघितलं. तीच ती जीभ! पेट्रोल आहे ना, एवढं बघून झाकण घट्ट लावलं. मग प्लग काढून पुसला, परत लावला, लाथ मारली. फटफटी अशी सुरू झाली, जणू काही झालंच नव्हतं. "प्लग," डॉक्टर म्हणाले, "साधं दुखणं होतं." आणि आम्ही पोचलो.

पुढच्या बाजारवारी पुन्हा तेच, जवळजवळ त्याच ठिकाणी. पुन्हा उतरणं, पुन्हा जीभ. ह्या वेळी त्यांनी प्लगला हात लावला नाही, कारण प्लगचं औषध देऊन झालं होतं. आता पेट्रोलची नळी काढून फुंकली. गाडी सुरू! "नळी होती तर." त्याच्या पुढच्या खेपेला कार्बोरेटर. मग वायर. मग हवेची जाळी. दर वेळी एकच औषध, दर वेळी गुण, आणि पुढच्या खेपेला दुखणं पुन्हा हजर. माझ्या तर नाकी नऊ आले. मी म्हटलं, "सगळं एकदम साफ करून टाका ना एका दिवशी!" तर माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी बाळंतिणीला जुलाबाचं औषध द्या म्हणतेय.

चारोटीला एक गुजराती मिस्त्री होता, ट्रक दुरुस्त करायचा. त्यानं फटफटीभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला, "साहेब, एंजिन खोली नाखो." डॉक्टर म्हणाले, "पोट दुखतंय म्हटल्यावर आधी पोट फाडू का?" मिस्त्री हसला. "तमे डॉक्टर, तमे जाणो," म्हणत त्यानं आम्हाला फुकट चहा पाजला.

गंमत सांगते, ह्याच काळात तळासरीच्या एका भगताशी डॉक्टरांचा वाद रंगायचा. भगत म्हणजे तिकडचा झाडपाला, धूप-अंगारा करणारा. म्हातारा मोठा हसतमुख होता, दवाखान्याबाहेर वडाखाली येऊन बसायचा. डॉक्टर त्याला म्हणायचे, "बाबा, तू धूप जाळलास, कोंबडा दिलास, आणि तिसऱ्या दिवशी पोराचा ताप उतरला. तो धुपानं उतरला, की कोंबड्यानं, की त्याला उतरायचाच होता म्हणून?" भगत विडी बाजूला करून शांतपणे म्हणायचा, "उतरला ना?" डॉक्टर चरफडायचे. "तसं नव्हे, पण कशानं?" तो म्हणायचा, "उतरला ना, डागतर?" ह्यापुढे वाद कधी सरकला नाही.

पण माझं हसू लवकरच मावळलं. गाडी वाटेत एकदा, कधी दोनदा बसायची. त्यात भर म्हणजे डॉक्टरांची तपासणी कूर्मगतीनं चालणार. आम्हाला उशीर व्हायला लागला. एकदा पोचलो तर बाजार उठलेला. वडाखाली कुणी नाही. बाजूचा मीठवाला म्हणाला, "एक बाई होती. पोराला घेऊन लय वेळ बसली. पोर निपचित होतं. आता गेली." कुठल्या पाड्याची? त्याला ठाऊक नव्हतं. डॉक्टर तसेच ती गेलेल्या पायवाटेनं चालत गेले. कानटोपी, कोट, उन्हाचा नुसता जाळ. बऱ्याच वेळानं एकटेच परत आले. त्या बाळाचं काय झालं, मला आजपर्यंत कळलेलं नाही.

अशा गोष्टी लपत नसतात. ठाण्याहून जिल्ह्याच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांचा निरोप आला. तळासरीचा दवाखाना वेळेवर उघडत नाही अशी तक्रार आहे, येत्या बाजारवारी मी स्वतः दहाला तिथं येतोय. दवाखाना चालू दिसला तर ठीक, नाहीतर तो बंद, आणि तिकडच्या लोकांनी डहाणूला यावं. डहाणूला यावं म्हणे! तळासरीच्या पलीकडच्या पाड्यावरून तापलेलं पोर कडेवर घेऊन डहाणूला या, हे ठाण्याच्या खुर्चीतून म्हणायला काय जातं? मी तणतणत होते. डॉक्टर एवढंच म्हणाले, "बंद व्हायला नको, सिस्टरबाई." त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

त्या दिवशी आम्ही अंधुक उजेडातच निघायच्या तयारीत होतो. साहेबांना दाखवायला म्हणून डॉक्टरांनी बाळांचं वजन करायचा काटा मिळवला होता, लाकडी खोक्यात घातलेला. पेटीमुळे ते खोकं मांडीवर मावेना, मागे ठेवावं तर मी कुठे बसू? तेव्हा तांडेलानं ते पुढे पेट्रोलच्या टाकीवर ठेवलं आणि जाळ्याच्या दोरीनं असं करकचून बांधलं की वादळात होडी उलटली तरी खोकं हललं नसतं. "जावा आता बिनघोर," म्हणाला.

चारोटी आलं, हमरस्ता लागला, काही मैल गेले, आणि मागून पदर ओढला गेला. उचक्या. बसली.

मी मनात म्हटलं, जळलं मेलं नशीब. डॉक्टर उतरले. सवयीनं हात टाकीकडे गेला आणि खोक्यावर आपटला. झाकण खोक्याखाली. गाठ सुटेना. तांडेलाची गाठ ती, डॉक्टरांना काय सुटते! "ठीक आहे, पेट्रोल सकाळीच भरलंय," म्हणत त्यांनी प्लग काढला, पुसला, लावला. गाडी सुरू झाली, पण शंभर पावलं गेली नाही तोच पुन्हा मेली. नळी फुंकली. थोडी धुगधुगी आली आणि पुन्हा गार. उन्हं वर यायला लागली. बाजाराला निघालेली बैलगाडी आमच्यापुढून निघून गेली आणि तिच्यातली पोरं आम्हाला हात करत होती. मला रडूच फुटलं, खोटं कशाला सांगू. मी ओरडले, "दर वेळी तर काहीही केलं तरी बरी व्हायची मेली! आजच काय धाड भरली हिला?"

डॉक्टर प्लग हातात धरून उभे होते. ते माझ्याकडे वळले.

"काय म्हणालात?"

"धाड भरली म्हटलं."

"त्याच्या आधी."

"दर वेळी काहीही केलं तरी बरी व्हायची."

"काहीही केलं तरी," ते म्हणाले. आणि ते चक्क रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसले. "म्हणजे जे केलं त्यानं ती बरी होत नव्हती. दर वेळी वेगळं औषध आणि दर वेळी गुण? असं कसं होईल? दर वेळी केलं आणि आज केलं नाही, असं काय आहे, सिस्टरबाई?"

मी डोळे पुसत म्हटलं, "आज तुम्ही तिची जीभ नाही बघितली. एवढंच."

अहो, तो माणूस उभा राहिला तो टाळी वाजवतच! माझ्या पेटीतली ड्रेसिंगची कात्री काढली, तांडेलाची दोरी कापली, खोकं गवतात ठेवलं आणि झाकण फिरवलं. सूंऽऽ करून आत हवा शिरली. दोघांनीही ऐकलं. अगदी दमलेल्या माणसानं श्वास घ्यावा तसा आवाज.

झाकण परत लावून लाथ मारली, फटफटी सुरू. मी खोकं उचलून घाईघाईनं म्हटलं, "चला, चला!" तर डॉक्टर म्हणतात कसे, "थांबा. एकदा झालं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. आता झाकण मुद्दाम घट्ट ठेवून ती बसेपर्यंत पळवतो. बसली की बाकी कशालाही हात न लावता नुसतं झाकण उघडायचं."

"डॉक्टर! साहेब दहाला येतायत!"

"तळासरीच्याच दिशेला पळवणार आहे ना? मग तुमचं काय जातंय?"

मी तोंडावर पदर दाबून बसले, नाहीतर काय बोलले असते कोण जाणे. त्यांनी गाडी पिटाळली. काही मैलांवर बसली. खाली उतरून त्यांनी नुसतं झाकण सैल केलं. सूंऽऽ. लाथ मारली. सुरू. डॉक्टरांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पोर जन्मल्यावर पहिल्यांदा रडलं की बाळंतिणीच्या आईचा होतो तसा चेहरा.

मग त्यांनी झाकण उन्हात धरलं. रॉकेलच्या डब्याला एकच भोक पाडलं तर रॉकेल धड येत नाही, हवा जायला दुसरं पाडावं लागतं, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. तसंच इथं. पेट्रोल खाली जाईल तशी वरून हवा आत यायला हवी, आणि त्यासाठी झाकणाला सुईएवढं छिद्र होतं. ते छिद्र कुणीतरी पिवळट, चिकट लुकणानं बुजवलं होतं. हळू चालताना कडेनं झिरपलेली थोडीशी हवा पुरायची. वेगात मात्र टाकी आतून आवळली जायची आणि पेट्रोल अडायचं. डॉक्टरांनी ते लुकण नखानं उकरलं, वास घेतला.

"राळ!" ते म्हणाले. "तांडेल!" आणि असे हसायला लागले की कानटोपी घसरली.

भोक दिसल्यावर तो माणूस झोपणार कसा? पेट्रोलात पाणी गेलं म्हणून डॉक्टर हळहळले, तर ह्यानं होडीबरोबर हिचीही गळती बंद करून टाकली, प्रेमानं. आणि डॉक्टर दर वेळी टॉर्च लावून टाकीत बघत राहिले, हातातल्या झाकणाकडे एकदाही बघितलं नाही. ते झाकण उघडत होते, हेच औषध होतं. पण बघणं म्हणजे काही करणं नव्हे, असं धरून त्यांनी ते हिशेबात घेतलंच नाही. "मी भगताला नावं ठेवत होतो," ते माझ्याकडून पदराची पिन घेत म्हणाले, "आणि इथं दर आठवड्याला मी कोंबडाच देत होतो."

तांडेलाला त्यांनी हे कधीच सांगितलं नाही. मी एकदा सांगायला निघाले तर मला दटावलं. "त्याचा हात थबकेल," म्हणाले, "समुद्रावर जाणाऱ्या माणसाला भोक बघून थबकायला लावू नये." पुढच्या पावसाळ्यात तांडेलानं पुन्हा राळ भरली असणार, आणि डॉक्टरांनी मुकाट्यानं पिनेनं ती काढली असणार. आमच्यात त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही.

त्या दिवशी मात्र बोलायला वेळच नव्हता. छिद्र मोकळं झालं आणि फटफटी जी सुटली! तीनचार महिन्यांत पहिल्यांदा ती पोटभर धावत होती. खोकं माझ्या मांडीवर, पेटी डॉक्टरांच्या पायांत, माझा पदर वाऱ्यावर. तरी उशीर झालाच होता. दहा कधीच वाजून गेले होते. तळासरीचा वड दिसला आणि त्याच्याखाली उभी असलेली सरकारी जीप दिसली. डॉक्टरांनी गाडी लावली, कोटाची बटणं तपासली आणि म्हणाले, "जे झालं ते खरं खरं सांगायचं. चला."

दाराचं कुलूप तोडलेलं, आणि आत जाता येईना इतकी माणसं. आत डॉक्टरांच्या स्टुलावर साहेब बसलेले. कोट काढून खुंटीला लावलेला, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वर, कपाळावर घाम. समोर एका म्हाताऱ्याच्या पायातलं गळू कापत होते, जीपचा ड्रायव्हर बिचारा तोंड फिरवून पाण्याचं घमेलं धरून उभा होता.

डॉक्टर पुढे झाले. "साहेब, उशीर झाला. चूक माझी आहे. टाकीच्या झाकणाला..."

"ते नंतर," साहेब मान वर न करता म्हणाले. "सिस्टर, बँडेज आहे का तुमच्याकडे? इथं काहीच नाही. त्या कोपऱ्यातल्या पोराला आधी घ्या, ताप फार आहे त्याला. डॉक्टर, तुम्ही बाहेरचे बघा."

आम्ही लागलो कामाला. बाजार उठला, तरी रांग हलेना. दुपार कलली तेव्हा शेवटची बाई गेली आणि साहेबांनी हात धुतले. ते बराच वेळ टॉवेलनं बोटं पुसत राहिले.

"मी आलो तेव्हा कुलूप होतं," ते म्हणाले. "मी ह्या लोकांना सांगितलं, डॉक्टर आता येत नाहीत, घरी जा. कुणी उठलं नाही. एक म्हातारी मला म्हणाली, 'तो येल. नायतं तू बघ.' तूच बघ म्हणे मला!" ते हसले, पण ते हसणं नीट जमलं नाही. "दहा वर्षांत पेशंटला हात लावला नव्हता मी, डॉक्टर. नुसत्या सह्या केल्या."

आमचे डॉक्टर अवघडून म्हणाले, "मग... दवाखाना?"

"आठवड्यातून एक दिवस हा दवाखाना चालणार नाही," साहेब कोट चढवत म्हणाले. मग ते म्हणाले, "इथं रोज लागेल. मी बघतो."

आणि त्यांनी बघितलं, हे सांगितलंच पाहिजे. वेळ लागला, पण तळासरीला कायमचा दवाखाना झाला आणि मी स्वतःहून तिकडची बदली मागून घेतली. आई पुन्हा म्हणाली, आणखी लांब? मी म्हटलं, हो, आणखी लांब. उघडायच्या पहिल्या सकाळी डॉक्टर डहाणूहून मला सोडायला आले आणि कुलूप माझ्या हातानं उघडायला लावलं. मी दार ढकललं आणि मागं वळून बघितलं. पायवाटेनं बायामाणसं येत होती, कडेवर पोरं, डोक्यावर काही नाही, हातात पिशव्या नाहीत. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. डॉक्टर म्हणाले, "काय झालं, सिस्टरबाई?"

मी म्हटलं, "डॉक्टर, आज बाजार नाहीये."